बारशाचा साबण

मथुराक्का साबणाच्या वडीला जीभ लावायच्या तेव्हा शेडमध्ये कुणी बोलायचं नाही, असा आमचा नियम होता. कुणी घालून दिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. फिलोमिनाचं तोंड झोपेतही चालू असावं असा माझा समज आहे, पण तीसुद्धा त्या वेळी गप्प असायची. त्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही दोघी तशाच हात बांधून उभ्या होतो. अक्कांनी वडीचा कोपरा पाण्यात बुडवला, डोळे मिटले, जीभ टेकवली आणि मनातल्या मनात पाचापर्यंत आकडे मोजले.

"बरो आसा," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. "घाल गो कागदात. धा वाजता जनाबाय येतली बाळाक न्हाणूक."

मी वडी खाकी कागदात गुंडाळली आणि अक्का ती घेऊन घराकडे गेल्या. घर काही लांब नव्हतं. शेड परसात, मध्ये चार माड आणि विहीर, पलीकडे घराची मागची पडवी.

हा साबण रोजच्यातला नव्हता. अक्कांची मुलगी विजया लग्नानंतर आठ वर्षांनी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती आणि आज बारसं होतं. त्यांच्या घरात बाराव्या दिवसापर्यंत बाळाला नुसतं डाळीचं पीठ आणि दूध लावून न्हाऊ घालत. बारशाच्या सकाळी पहिल्यांदा अंगाला साबण लागायचा. आजीचाच साबणाचा उद्योग म्हटल्यावर दुकानातली वडी आणायचा प्रश्नच नव्हता. त्यासाठी दीड महिना आधी वेगळा छोटा घाणा काढला होता आणि तो मी काढला होता.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. माझं माहेर आणि सासर दोन्ही कऱ्हाडकडचं. नवरा एसटीत मेकॅनिक, त्याची बदली वेंगुर्ल्याला झाली आणि आम्ही जवळच्या एका गावात खोली घेऊन राहिलो. तिथे मला शालन या नावाने कुणी ओळखत नव्हतं. मी 'ती घाटावरची'. वाण्याकडे गेले की बायका आपसातलं बोलणं थांबवायच्या आणि मी वळले की पुन्हा सुरू करायच्या. सहा महिने मी भिंतींशी बोलत काढले. मग एक दिवस मथुराक्कांनी विहिरीवर मला विचारलं, "हात थरथरतत काय तुझे?" मी म्हटलं, नाही. "मगे फाल्यापासून ये," त्या म्हणाल्या. एवढीच मुलाखत, आणि दुसऱ्या दिवसापासून मी शेडमध्ये.

अक्का तालुक्याच्या हायस्कुलात प्रयोगशाळेत शिपाई होत्या. तीस वर्षं त्यांनी बाटल्या धुतल्या, बुचं लावली, पोरांनी सांडलेलं ॲसिड पुसलं. सर फळ्यावर लिहीत आणि अक्का मागे उभं राहून ऐकत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग काढला. चुलीवर काही उकळायचं नाही. कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून निववायचा, तेल कोमट करायचं, दोन्ही एकत्र करून रवीने घुसळत राहायचं. रवी उचलली की पडलेल्या धारेचा माग वर तसाच राहायला लागला, की साच्यात ओतायचं. मग कापून सहा आठवडे फळ्यांवर वाळवायचं. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच घालायचं नाही, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी दहा वेळा म्हणायला लावलं. आणि शेवटी जीभ. साबणात सोडा शिल्लक राहिला असेल तर जिभेला टॉर्चचा सेल लावल्यासारखा झटका बसतो. झटका बसला तर अख्खा घाणा बाजूला काढायचा, नाही बसला तर साबण अंगाला लावायला मोकळा. ही परीक्षा फक्त अक्का घ्यायच्या.

साडेनऊच्या सुमाराला त्या पुन्हा शेडमध्ये आल्या. घरात पाहुणे, चुलीवर खीर, पण त्यांचा पाय तिथे ठरत नव्हता. फिलोमिना नव्या घाण्याची तेलं मोजत होती.

"अक्का, ह्यात एरंडेल वाढवूया काय?" ती म्हणाली. "फेस आनी दाट येतलो."

"वाढव. पण सोडो कमी करूक होयो."

"कित्याक? तेल तितक्याच आसा मां?"

"तेल तितक्याच, पण भूक येगळी," अक्का म्हणाल्या. आज खुशीत होत्या, नाहीतर एवढं समजावायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "खोबरेल खादाड. तेका सोडो जास्ती लागता. एरंडेल, तीळ, करडई, ही तेलां थोडक्यात भागवतत. खोबरेलाचो सोडो तिळाक दिलंस तर तो उरतलो. आनी उरलेलो सोडो मग कोणाक खाता? मानसाच्या कातडेक."

एवढं सांगून त्या घराकडे गेल्यासुद्धा. मी लाकडी साचा घासत होते, माझा हात थांबला.

दीड महिन्यापूर्वी अक्का विजयाला घेऊन सावंतवाडीला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. बाळाचा घाणा मी काढायचा असं ठरलं होतं. तेलं, सोडा, पाणी, सगळ्याची वजनं त्यांनी कागदावर लिहून दिली होती. मी काय केलं? निम्मं खोबरेल काढून ठेवलं आणि तेवढंच तिळाचं तेल घातलं. माझ्या आईने माहेराहून डबा पाठवला होता. आमच्याकडे घाटावर तान्ह्या बाळाला तिळाचं तेलच लावतात, खोबरेल थंड मानतात. या घरातल्या बाळाच्या अंगाला माझ्या माहेरचं काहीतरी लागावं, असं मला फार वाटलं होतं. सोडा मात्र कागदावर होता तेवढाच घेतला. तेल ते तेल, असं माझं शास्त्र. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना पाहूनच म्हणत असावेत. अक्कांना मी सांगितलं नव्हतं. बारशाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं आणि कौतुक करून घ्यायचं, असा माझा बेत होता.

मग वाटलं, पण अक्कांनी सकाळीच जीभ लावली की. त्या बरा म्हणाल्या. अक्कांची जीभ चुकत नाही. माझंच काहीतरी गणित चुकत असेल, असं म्हणून मी पुन्हा साचा घासायला घेतला. दोनदा घासला असेल. मग साचा ठेवला आणि शेडच्या मागे गेले.

वड्या कापताना निघालेला चुरा आम्ही मागे करवंट्यांत ठेवायचो, हात धुवायला. बाळाच्या घाण्याचा चुरा वेगळा ओळखू यायचा, तिळामुळे किंचित पिवळट. मी एक कपचा ओला केला आणि जिभेला लावला. असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. मी थुंकले, चूळ भरली, दुसरा कपचा घेतला. तोच चटका.

आता यापुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. मी पळत गेले नाही. मी तिथेच उभी राहिले.

डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. अक्कांना कळलं कसं नाही? का कळलंय आणि मी कबूल होते का ते बघतायत? पण आठ वर्षांनी झालेल्या नातीवर कोण असला प्रयोग करेल? मग मी सांगायचं तरी काय? तुम्हाला न विचारता तेल बदललं, आणि वर तुमची जीभ खोटी ठरली? घरात विजयाच्या सासरची माणसं बसलेली. त्यांच्यासमोर? अक्का मला उभं करणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. मग पुन्हा ती खोली, त्या भिंती आणि वाण्याकडचं ते थांबलेलं बोलणं. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. मी स्वतःला समजावत होते की जनाबाई एवढासा तर साबण लावेल, लगेच पाणी ओतेल, बाळाला काही होणार नाही. आणि जिभेवरचा चटका तर अजून गेला नव्हता.

"शालन, खंय गेलंस गो?" फिलोमिनाने हाक मारली. मी ओ दिली नाही.

पडवीतून जनाबाईचा आवाज आला. "पानी हड गो. आनी वडी खंय आसा?" तांब्याचा आवाज झाला. कुणीतरी हसलं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला आणि बाळ रडायला लागलं.

ते रडणं ऐकल्यावर मात्र माझे पाय आपोआप सुटले. विहिरीकडून पळताना मी एका घागरीला धडकले, ती गडगडत गेली.

जनाबाई पाटावर पाय लांब करून बसली होती. तिच्या नडग्यांवर बाळ उपडं होतं, हाताच्या पंजाएवढी त्याची पाठ पाण्याने चमकत होती. विजया कानाला रुमाल बांधून दारात उभी होती, शेजारी खुर्चीवर तिच्या सासूबाई. अक्का पाण्याचं भांडं घेऊन वाकलेल्या. जनाबाईच्या तळहातावर फेसाचा ढीग होता. तो साबण फेसाला नंबर एकच होता, त्यात खोट नव्हती.

"फेस बघा गो," जनाबाई म्हणत होती. "म्हशीच्या दुदाची साय जशी."

तिचा हात खाली यायला लागला आणि मी मनगट धरलं.

"लावू नका," मी म्हणाले. "साबण लावू नका."

"कित्याक? सोड माका."

"आधी हात धुवा. त्यात सोडा उरलाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्कांनी भांडं खाली ठेवलं. "काय बोलतंस तू?"

"अक्का, चूक माझी आहे. तुम्ही सावंतवाडीला गेला होतात तेव्हा मी निम्मं तिळाचं तेल घातलं. सोडा तेवढाच ठेवला. मला माहीत नव्हतं. आत्ता तुम्ही फिलोमिनाला सांगितलंत तेव्हा कळलं."

अक्कांचा चेहरा आवळला. "इचारल्याशिवाय तेल बदललंस? तेचा मगे बघतंय. पण साबू बरो आसा. सकाळी तुझ्यासमोर जीब लावलंय मी."

"मी पण लावली. मागच्या चुऱ्याला. चटका बसतो, अक्का."

"माझ्यासमोर उबी रवान माझी जीब खोटी म्हणतंस?"

जनाबाई हात तसाच धरून बसली होती, फेस तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. बाळ हमसून रडत होतं. विजयाच्या सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "म्हंजे दोगांतल्या एकीची जीब खोटी. खयची ती आमका कळूक नको?"

"कळतली," अक्का म्हणाल्या. "हड ती वडी."

त्यांनी वडी उचलली आणि जिभेवर ठेवली. नुसता कोपरा टेकवला नाही, वडीची अख्खी कड जिभेवर दाबून धरली. डोळे मिटले नाहीत. माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघत राहिल्या. मी मनात मोजत होते. पाच झाले, दहा झाले, पंधरा. त्यांच्या तोंडावर एक सुरकुती हलली नाही. मला खरंच वाटलं की मी वेडी झाले, माझीच जीभ बिघडली. त्या वडी बाजूला घेऊन म्हणाल्या, "बघलंस? काय नाय."

त्या बोलल्या तेव्हा मला त्यांची जीभ दिसली. कडेला लालभडक झाली होती, मिरची चावल्यासारखी. आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळेची धार हनुवटीवर आली होती. ती त्यांना कळतच नव्हती. गेला दीड महिना त्या घडोघडी पदराने तोंड पुसत होत्या, ते मला तेव्हा आठवलं. अक्का आमटीत मीठ ओंजळीने घालतात म्हणून दुपारी जेवताना फिलोमिना कुरकुरायची, तेही आठवलं.

"अक्का," मी म्हणाले, "पुरे. थुंका ते."

"कित्याक थुंकू? काय नाय म्हटलंय मां?"

"आये," विजया दारातून म्हणाली. "तुझी जीब भाजली. आये, लाळ गळता तुझी."

अक्कांनी हनुवटीला बोट लावलं आणि ओलं बोट डोळ्यांसमोर धरलं. मग त्या पडवीच्या पायरीवर बसल्या. मी तांब्या घेतला आणि त्यांना चूळ भरायला लावली. पुन्हा पुन्हा पाणी देत होते, त्या मुकाट्याने चूळ भरत होत्या. जनाबाईने खसाखसा हात धुतले, बाळावर स्वच्छ पाणी ओतलं आणि डाळीच्या पिठाची वाटी जवळ ओढली. बाळाच्या अंगाला फेसाचा थेंब लागला नव्हता.

"कधीपासून?" विजयाने विचारलं.

"दसऱ्यापासून," अक्का खाली बघत म्हणाल्या. "एक दिवस सकाळी उठलंय आनी चाय गरम काय गार ता कळना नाय. गोडा कळना नाय, तिखट कळना नाय."

"आनी तू कोणाक सांगलंस नाय? तशीच रोज साबवांका जीब लावीत रवलंस?"

"वजनां बरोबर आसत. शालन वजनात चुकना नाय, माका ठावक हुता. नुसती जीब लावायची आनी बरो म्हणायचा."

"पण कित्याक, आये?"

अक्कांनी पदराने हनुवटी पुसली. मग म्हणाल्या, "शाळेत तीस वर्सां माका कोणी काय इचारला नाय. मथुरा, बाटली धू. मथुरा, बाकडो पूस. हंय ह्यो दोगी माझ्या जिबेची वाट बघीत उब्यो रवतत. मी बरो म्हटल्याशिवाय एक वडी हालना नाय. ता गेला तर मगे माका कोण इचारतलो?"

विजया पुढे आली, तिने जनाबाईच्या पायावरून बाळ उचललं आणि पंच्यात गुंडाळलं. "माझ्या चेडवाच्या पाठीर..." ती म्हणाली. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या सासूबाईही उठून आत गेल्या. अक्का त्या बंद दाराकडे बघत बसल्या. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्यामुळे झालं असं वाटून मला रडू आलं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. विजयाचा नवरा शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि म्हणाला, बारसं संध्याकाळी करू, आधी यांना कुडाळला न्यायचं. त्याने रिक्षा आणली. अक्का म्हणाल्या, "शालन येवदे माझ्यावांगडा." निघताना विजया बाळाला खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत आली. आईशी ती बोलली नाही, पण माझा हात तिने घट्ट धरला. "तू धावत इलंस म्हणान," ती म्हणाली. "नायतर काय झाला असता."

कुडाळच्या डॉक्टरांनी अक्कांना आठ दिवस ठेवून घेतलं. डोक्यातल्या एका नसेला धक्का बसलाय, पुढचा मोठा असता, वेळेवर आणलंत, असं ते म्हणाले. अक्का त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. विजया त्यांच्याशी महिनाभर धड बोलली नाही, मग हळूहळू बोलायला लागली. जीभ काही परत आली नाही. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्या दुपारी रिक्षात झालेलं बोलणं.

विजयाचा नवरा पुढे ड्रायव्हरला खेटून बसला होता. मागे आम्ही दोघी. अक्कांनी पदराचं टोक तोंडाच्या डाव्या कोपऱ्याला धरलं होतं. मला विजयाचं ते 'धावत इलंस' आतून टोचत होतं. बाईने माझा हात धरावा असं मी काही केलं नव्हतं. शेवटी मला राहवेना.

"अक्का," मी हळूच म्हणाले, "मी लगेच आले नव्हते."

"म्हंजे?"

"मला आधीच कळलं होतं. चुऱ्याला जीभ लावली तेव्हाच. तरी मी शेडच्या मागे उभी राहिले. तुम्ही मला काढून टाकाल म्हणून. जनाबाईने वडी मागितली तेही ऐकलं, तरी उभी होते. बाळ रडलं तेव्हा पळाले. ते रडलं नसतं तर..."

अक्का बाहेर बघत होत्या. रिक्षा घाटीतून खाली उतरली, फाटा आला, गेला. मला वाटलं, उद्यापासून येऊ नको एवढंच त्या सांगतील. मी तयार होते.

"किती येळ उबी हुतंस?" त्यांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं असतील."

त्यांनी पदर तोंडावरून काढला आणि माझ्याकडे तोंड केलं. लाळ गळत होती, ती त्यांनी पुसली नाही.

"मी दीड म्हयनो उबी हुतंय," त्या म्हणाल्या.